महिन्याला किती झेपेल?

गाडी घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला शोरूममध्ये खरा प्रश्न कोणता विचारतात, हे तुम्ही कधी लक्ष देऊन ऐकले आहे काय? "कोणती गाडी हवी?" हा तो प्रश्न नव्हे. गाडी तर तुम्ही बोटाने दाखवलेलीच असते. चहा येतो, पाण्याचा गार पेला येतो, तुमच्या चिरंजिवांना गाडीवर बसवून फोटो काढला जातो, आणि मग टापटीप पोशाखातला तो हसतमुख तरुण खुर्ची जरा पुढे ओढून अगदी घरच्या माणसासारखा विचारतो, "काका, महिन्याला किती झेपेल?"

प्रश्न वरवर किती सोज्वळ! मुलांची फी, वाण्याचा हिशेब, घरभाडे या सगळ्यांतून आपले कसे निभते याची या परक्या मुलाला काळजी पडली आहे, असे वाटून आपण विरघळतो आणि सांगून टाकतो, "तीन हजारांपर्यंत जमेल बुवा." झाले! त्या क्षणापासून गाडीची किंमत हा विषय संपला. यापुढे तुमच्यासमोर येणारा प्रत्येक आकडा तीन हजारांच्या आत बसवलेला असणार. तो बसवण्यासाठी मुदत लांबवली काय, व्याज चढवले काय, किंवा चार निरुपयोगी वस्तू पोटात घातल्या काय, तुम्हाला ते दिसणारच नाही. कारण तुमची नजर हप्त्यावर खिळलेली आहे.

मी अकोल्यास एका बँकेच्या कर्जविभागात एकतीस वर्षे काढली. नातेवाइकांत कोणी गाडी घ्यायला निघाले की मला सोबत नेण्याची प्रथा पडली आहे. पूर्वी लग्न ठरवताना एक तिरसट मामा बरोबर नेत, तसाच काहीसा हा प्रकार. या सोबतीतून जे पाहिले ते आज सांगणार आहे.

हा डाव आपल्या मुलखात जन्मला नाही. अमेरिकेतले मोटारविके तो फार पूर्वीपासून खेळत आले आहेत. तेथील विक्रेता एका कोऱ्या कागदावर दोन रेघा मारून चार चौकोन पाडतो. एकात तुमच्या जुन्या मोटारीची किंमत, दुसऱ्यात नव्या मोटारीची, तिसऱ्यात रोख भरणा आणि चौथ्यात मासिक हप्ता. गिऱ्हाईक ज्या चौकोनावर बोट ठेवील तेथे तो दोन पैसे सोडतो आणि शेजारच्या चौकोनातून चार उचलतो. शेवटी तेथील सरकारला मध्ये पडावे लागले. १९५८ साली ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मोन्रोनी यांच्या पुढाकाराने कायदा झाला आणि प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर किमतीचे छापील पत्रक चिकटवणे सक्तीचे झाले. त्या पत्रकाला तिकडे अजूनही मोन्रोनीच्याच नावाने ओळखतात. पुढे दहा वर्षांनी, १९६८ साली, कर्ज देणाऱ्याने व्याजाचा खरा वार्षिक दर सांगितलाच पाहिजे असाही कायदा झाला.

आपल्याकडे मात्र बराच काळ असल्या डावपेचांची गरजच नव्हती. विकायला गाडी होती कुठे! बजाजने १९७२ साली 'चेतक' काढली आणि तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावून ठेवले. मुलगा मॅट्रिकला बसताना नाव नोंदवावे म्हणजे त्याच्या लग्नात स्कूटर दारात येईल, अशी थट्टा आमच्या वडीलमंडळींत चाले. परकीय चलन भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे, आणि लागलेला नंबर जादा पैसे घेऊन विकण्याचाही एक धंदाच होऊन बसला होता. कुर्ल्याला बनणाऱ्या फियाटची कथा निराळी नव्हती. दुकानदार गिऱ्हाइकाकडे मान वर करून पाहत नसे. १९९१ नंतर परवान्यांचे राज्य गेले, कारखाने वाढले, आणि आता गाड्या रांगेत उभ्या असून गिऱ्हाईक शोधावे लागते. त्या काळी माणूस ताटकळण्यात नाडला जाई. आज तो घाईत नाडला जातो.

ही घाई कशी लावतात हे पाहायचे असेल तर पुण्यामुंबईच्या झगमगाटापेक्षा आमच्या जऊळक्याचा दसरा पाहावा. जऊळका हे आमचे मूळ गाव. वाशीम जिल्ह्यातला मालेगाव तालुका, (मालेगाव म्हटले की सगळ्यांना नाशिकचे मालेगाव आठवते, ते हे नव्हे.) अकोला–पूर्णा लोहमार्गावरचे स्टेशन, म्हणून लोक 'जऊळका रेल्वे' म्हणतात. पूर्वी तेथून मीटरगेजची गाडी धापा टाकीत जाई. आता मोठी लाइन आहे. समृद्धी महामार्गही जिल्ह्यातून गेला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. मात्र त्या रस्त्यावर दुचाकीला मज्जाव, आणि गावात मोटारी मोजक्याच. तेव्हा गावकऱ्यांचा व्यवहार अजून जुन्याच रस्त्यांनी आणि फटफटीवर चालतो.

या भागाचे पीक सोयाबीन. ते काढणीला येते दसऱ्याच्या आगेमागे. म्हणजे वर्षाचा पैसा हाती येण्याची वेळ, नव्या वस्तूच्या खरेदीचा मुहूर्त आणि विक्रेत्यांचा हंगाम हे तिन्ही एकाच पंधरवड्यात येऊन आदळतात. आठवडी बाजारात तंबू लागतात, ध्वनिक्षेपक ओरडू लागतात, आणि कर्जवाल्या कंपनीचा मनुष्य तंबूतच टेबल मांडून बसतो. आधार कार्ड, पासबुक आणि सही, एवढे दिले की गाडी तुमची.

२०२५ च्या दसऱ्याची गोष्ट. माझ्या चुलतभावाचा मुलगा वाशीमला औषधांच्या दुकानात नोकरीस आहे. आगगाडीची वेळ कामाच्या वेळेशी जुळत नाही, म्हणून त्याला फटफटी हवी होती. चैनीची गोष्ट नव्हती; रात्री दुकान बंद करून घरी परतायचे कसे, हा रोजचा प्रश्न होता. त्या वर्षी सप्टेंबरात पावसाने हात धुऊन घेतले होते, सोयाबीन भिजले होते, आणि घरात जमवलेले तीस हजार हीच काय ती शिल्लक. दसरा २ ऑक्टोबरला होता. त्याच्या आठ-नऊ दिवस आधी पोराचा फोन आला.

"काका, टोकन देऊन आलो. दसऱ्याले गाडी दारात पायजे. हप्ता अठ्ठावीसशे बावीस पडते."

"गाडी कितीला पडते?" मी विचारले.

पलीकडे शांतता. मग म्हणाला, "ते कागदावर हाय. पाहून सांगतो."

पाहिलेत? हप्ता तोंडपाठ, आणि किंमत कागदावर! मी दुसऱ्याच दिवशी जऊळक्याला गेलो आणि तो कागद मागून घेतला. कागद म्हणजे शोरूमच्या छापील पावतीबुकातला नव्हे, तर पाठकोऱ्या चिठोऱ्यावर पेन्सिलीने लिहिलेले आकडे. ते असे होते: गाडीची शोरूम-किंमत ८४,५००, आरटीओचा कर व नोंदणी १०,६००, विमा ८,३००, ॲक्सेसरीज ३,२००, हँडलिंग चार्ज १,५००, नंबर प्लेट ६००, हेल्मेट १,३००. एकूण बरोबर एक लाख दहा हजार. तीस हजार रोख, ऐंशी हजार कर्ज, व्याज 'फक्त नऊ टक्के', हप्ते छत्तीस.

पहिल्या ओळीबद्दल तक्रार नव्हती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता. म्हणजे पूर्वी लाखाला असलेली गाडी सुमारे ९२ हजारांना मिळायला हवी होती, आणि तशी ती उतरवलेली होती. पण गंमत अशी की, दर उतरल्याचाच धाक घालून पोराला घाई केली गेली: "गाड्या हातोहात जात आहेत, या रंगाची ही एकच राहिली आहे." स्वस्त झाली म्हणून आजच घ्या, महाग होणार म्हणून आजच घ्या! विक्रेत्याच्या पंचांगात 'आज' हा एकच वार असतो.

आरटीओचा आकडा सरकारी. त्याची पावती मिळते, ती मागावी. जमेल तेवढी घासाघीस करूनही तो कमी होत नाही. खरी गंमत त्याच्या खालच्या ओळींत होती.

नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या प्रत्येक गाडीला उच्च सुरक्षा पाटी कारखानदारानेच पुरवायची असून तिची किंमत गाडीच्या किमतीत धरलेली असते. मग हे सहाशे कसले? हेल्मेट. दुचाकी विकताना कारखानदाराने प्रमाणित हेल्मेट द्यावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिले आहे. ॲक्सेसरीजमध्ये सीट कव्हर आणि पायाखालची मॅट होती, आणि मोठी रक्कम होती साडीगार्डची. आता मागे बसणाऱ्याच्या हाताला पकड, पायाला आधार आणि मागच्या चाकाला निम्मे तरी झाकणारे संरक्षण हे त्याच नियमांप्रमाणे गाडीबरोबर आलेच पाहिजे. आमच्या वहिनी तेथेच दारात तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, साडीगार्ड त गाडीसंगच येते नं? मायरच्या गाडीले त होतं."

आणि हँडलिंग चार्ज! हा शब्द ज्याने काढला त्याच्या कल्पकतेला दाद द्यावी. गोदामातून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा हा खर्च म्हणे. म्हणजे वाण्याने साखरेच्या भावाखेरीज पोते उचलल्याचे पैसे वेगळे मागावेत तसे. जी रक्कम शोरूमच्या रीतसर बिलावर यायला तयार नाही, ती द्यायचे कारण नाही, हा साधा नियम मी पाळतो. "बिलात लिहून द्या, देतो," एवढे म्हटले की पुष्कळशा रकमा लाजून निघून जातात.

विम्याची ओळ जरा समजून घेण्यासारखी आहे, कारण शहरातले शिकलेले लोकही येथे डोळे मिटून सही करतात. विम्याचे दोन भाग असतात. एक, आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरून देण्याचा. हा कायद्याने सक्तीचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तो एकदम पाच वर्षांचा आणि मोटारीला तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्याचा दर सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या नव्या दुचाकीला पाच वर्षांचे ३,८५१ रुपये होते, आणि वर कर. कोणत्याही कंपनीकडे जा, हा आकडा तोच. दुसरा भाग आपल्याच गाडीच्या नुकसानीचा. तो एका वर्षाचा पुरतो, आणि सारी तफावत असते ती येथे. शोरूममध्येच विमा घ्या अशी सक्ती विक्रेत्याला करता येत नाही. विमा नियामक प्राधिकरणाने शोरूमवाल्यांसाठी १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू केलेल्या नियमांत गिऱ्हाइकाला निवडीची मोकळीक दिलेली आहे. मी वाशीमच्या एका विमा प्रतिनिधीकडून त्याच गाडीचा आकडा मागवला. तो आला ६,७००.

आता राहिले व्याज. 'फक्त नऊ टक्के.' पोराने मोठ्या अभिमानाने सांगितले, की बँकाही अकरा-बारा घेतात आणि येथे नऊच!

मी चुलतभावाच्या अंगणात खाटेवर बसून हिशेब मांडला. ऐंशी हजारांचे नऊ टक्क्यांनी वर्षाचे ७,२०० होतात. तीन वर्षांचे २१,६००. ते मुद्दलात मिळवले की १,०१,६००, आणि त्याला छत्तीसने भागले की २,८२२. हिशेब चोख होता. मी वहिनींना विचारले, तुमच्या बचत गटात व्याज कसे लावता? त्या गटाच्या वह्या लिहितात. हातातले सूप खाली ठेवून त्यांनी कागद पाहिला, आणि जे बोलल्या ते बँकेच्या प्रशिक्षण वर्गात मी इतक्या थोडक्या शब्दांत कधी ऐकले नव्हते.

"आमच्या गटात त फेडलेल्या पैशावर व्याज नाई लावत, भाऊजी. ह्ये लोक कसे काय लावते?"

हेच ते मर्म. पहिल्या महिन्यात पोराच्या अंगावर ऐंशी हजार असतील. छत्तिसाव्या महिन्यात उरतील जेमतेम पावणेतीन हजार. पण व्याज मात्र तिन्ही वर्षे पुऱ्या ऐंशी हजारांवर चालले आहे! याला सपाट दर म्हणतात. शिल्लक रकमेवर नऊ टक्के लावले असते तर हप्ता २,५४४ पडला असता आणि तीन वर्षांत दहा हजार वाचले असते. उलट, २,८२२ चा हप्ता शिल्लक रकमेवर मोजला तर दर निघतो सव्वासोळा टक्के. तीन-चार वर्षांच्या कर्जाला सपाट दराची पावणेदोन पट केली की खऱ्या दराच्या जवळपास पोचता येते. तेवढे तोंडी गणित प्रत्येक घरात असावे.

त्यात 'प्रोसेसिंग फी' अडीच हजार. ती वळती करून घेऊन हातात प्रत्यक्ष साडेसत्त्याहत्तरच हजार आले, तर दर चढतो साडेअठरा टक्क्यांवर. हा माझा अंदाज नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर एक 'मुख्य तथ्य पत्रक' देणे बँकांना आणि कर्ज देणाऱ्या कंपन्यांना बंधनकारक आहे. त्यात सारे खर्च धरून खरा वार्षिक दर छापलेला असतो. अमेरिकेतल्या माणसाला जे १९६८ साली मिळाले ते आपल्याला मिळायला इतकी वर्षे गेली. पण मिळाले आहे, तर मागून घ्यावे. त्या कर्जवाल्याकडे आम्ही ते मागितले, तेव्हा प्रथम तो म्हणाला, "सही झाल्यावर मोबाइलवर येईल." आम्ही म्हटले, आल्यावर सही करू. अर्ध्या तासाने आले. दर लिहिला होता १८.५ टक्के. पोराने तो आकडा दोनदा वाचला आणि मोबाइल खिशात ठेवला.

'शून्य टक्के व्याज' अशी पाटी दिसली तर आणखी जपावे. शून्य टक्के अशी काही चीजच नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. व्याज कुठेतरी असतेच. नाकारलेल्या सवलतीत असेल, नाहीतर फीमध्ये.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. आम्ही शोरूममध्ये गेलो, भांडलो नाही. भांडून काही निघत नाही. तेथला मुलगा आमच्या पोराच्याच वयाचा, तुटपुंज्या पगारावर राबणारा. महिन्याला इतक्या गाड्या, इतके विमे, इतकी कर्जे असे लक्ष्य त्याच्या डोक्यावर टांगलेले. लहान गाडीच्या विक्रीत शोरूमला फारसे सुटत नाही; विम्यावरचे आणि कर्जावरचे कमिशन हीच खरी कमाई. हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्यावर रागही येत नाही आणि त्याच्या गोडव्याने विरघळायलाही होत नाही. मी एवढेच म्हटले, "कर्ज कुठून घ्यायचे ते मागाहून पाहू. आधी गाडीचा पूर्ण आकडा शोरूमच्या कागदावर, शिक्क्यासह द्या." मॅनेजर बाहेर आले. "काका, तुम्ही घरचेच!" म्हणाले. घरच्याला तर कागद द्यायला हरकत नसावी, मी म्हटले.

कागद आला १,०१,८०० चा. प्लेट, हेल्मेट, हँडलिंग आणि ॲक्सेसरीज गेल्या, विमा ६,७०० झाला. तीस हजार रोख भरून बाकीसाठी ७२ हजारांचे कर्ज एका राष्ट्रीयीकृत बँकेतून शिल्लक रकमेवर अकरा टक्क्यांनी काढले. ऐकायला नऊपेक्षा अकरा जास्त; पण हप्ता पडला २,३५७, मुदत तीच. दोन्ही व्यवहारांत शेवटपर्यंत जाणाऱ्या रकमा शेजारी मांडल्या, तर बँकेची सहाशे रुपये फी धरूनही फरक होता साडेअठरा हजारांवर. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता, आणि बाजारात तोही मिळत नव्हता. हमीभावानेच धरले तरी हे साडेतीन क्विंटल सोयाबीन झाले. वहिनींनी हिशेब रुपयांत ऐकला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. क्विंटलांत ऐकला तेव्हा मात्र त्यांनी नवऱ्याकडे पाहिले.

यात एक अडचण होती, ती मुहूर्ताची. बँकेला चार दिवस लागणार आणि दसरा डोक्यावर. विक्रेत्याचे सारे बळ येथे असते. घरात हार आणलेला, नारळ आणलेला, शेजाऱ्यांना सांगून झालेले. अशा वेळी कोण आकडेमोड करतो? शिवाय नोंदणी होऊन पाटी बसल्याखेरीज नवी गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि सणाच्या तोंडावर आरटीओच्या कामाची गर्दी होते. म्हणजे शेवटच्या दोन दिवसांत समोर येईल त्या कागदावर सही करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आमचे काम दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी कसेबसे पुरे झाले. ज्यांना मुहूर्त साधायचा आहे त्यांनी किंमत, विमा आणि कर्ज यांचे कागद तीन आठवडे आधी उरकावेत. पूजा मुहूर्तावर करावी. सहीला मुहूर्त नसतो.

शहरातले वाचक म्हणतील, फटफटीचे झाले, आमच्या मोटारीचे काय? तत्त्व तेच, आकडे मोठे. पुण्याला माझ्या भाचीने मोटार घेतली तेव्हा जुनी गाडी देऊन नवी घ्यायची होती. जुन्या गाडीला शोरूमने बाहेरच्या भावापेक्षा वीस हजार जास्त देऊ केले. जावई खूश! भाचीने मात्र, जुनी गाडी देणारच नाही असे समजून नवीचा भाव काढा, असे सांगितले. भाव एकदम पंचवीस हजारांनी खाली आला. म्हणजे जुन्या गाडीवर 'जास्त' मिळालेले वीस हजार नवीच्या सवलतीतून कापलेले होते, आणि वर पाच हजार शोरूमच्या खिशात. हाच तो अमेरिकन चौकोन. तेव्हा नव्या गाडीची किंमत, जुनीची किंमत, विमा आणि कर्ज हे चार व्यवहार चार निरनिराळ्या दिवशी केले तरी चालतील. एका टेबलावर एका वेळी करू नयेत.

आणखी काही बारीक गोष्टी मोटारवाल्यांसाठी. दहा लाखांवरच्या गाडीवर शोरूम एक टक्का टीसीएस घेते. तो खर्च नव्हे. प्राप्तिकराच्या विवरणात तुमच्या नावे जमा दिसतो, त्याची वजावट किंवा परतावा मिळतो. शोरूमकडून त्याचे प्रमाणपत्र घ्यायला विसरू नये. विम्यात नव्या गाडीची किंमत शोरूम-किमतीच्या ९५ टक्के धरतात. हप्ता कमी दाखवण्यासाठी कोणी ती खाली उतरवली असेल, तर चोरी किंवा मोठा अपघात झाल्यावर नुकसान आपलेच. गाडी केव्हा बनली हे फॉर्म २२ मध्ये महिन्यासह लिहिलेले असते. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत नवी म्हणून घेतली, तर विकताना ती एका वर्षाने म्हातारी ठरते. घ्यायचीच असेल तर त्याप्रमाणे सवलत मागावी. आणि नोंदणी व्हायच्या आधी गाडी प्रत्यक्ष उजेडात पाहून, चासिस क्रमांक कागदाशी ताडून मगच पुढे जा म्हणावे. एकदा तुमच्या नावावर नोंद झाली की ओरखडा निघाला तरी गाडी तुमची.

कर्ज मुदतीपूर्वी फेडायचे ठरले तर काय आकार पडेल, हेही आधीच त्या तथ्य पत्रकात पाहावे. वाहनकर्जे बहुधा स्थिर दराची असतात, आणि त्यांवर असा आकार लावलेला आढळतो. सोयाबीनचे किंवा बोनसचे पैसे आले की कर्ज फेडू, असे मनात असलेल्यांनी तर अवश्य.

इतके करूनही कोणी बिलाबाहेर पैसे घेतलेच तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. आमच्या वाशीमलाही आयोग आहे. ग्राहकाला कायद्याचे बळ मिळाले ते १९८६ च्या कायद्याने. पण त्यापूर्वी बारा वर्षे, १९७४ साली, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले होते, हे महाराष्ट्राला भूषणावह आहे. अर्थात तेथे जायचे तरी हातात कागद लागतो. पेन्सिलीच्या चिठोऱ्यावर न्याय मिळत नाही.

शेवटी एका विसरल्या जाणाऱ्या कामाविषयी. कर्ज असलेल्या गाडीच्या नोंदणीपुस्तकात कर्ज देणाऱ्याचे नाव बोजा म्हणून चढवलेले असते. शेवटचा हप्ता फिटला की लोक पेढे वाटतात आणि मोकळे होतात; बोजा तसाच राहतो. मग पाच-सात वर्षांनी गाडी विकायला काढली, किंवा विम्याचा दावा आला, की धावपळ सुरू होते. तोवर कर्जवाल्या कंपनीची शाखा कुठे हलली, कुणात विलीन झाली, पत्ता लागत नाही. जऊळक्यातच आमच्या चुलतभावाच्या जुन्या फटफटीवर असा बोजा कर्ज फिटून नऊ वर्षे झाली तरी बसून होता. शेवटचा हप्ता भरल्याबरोबर ना हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्यावा, आरटीओत अर्ज करावा, आणि नवे नोंदणीपुस्तक हातात आल्यावर कर्ज देणाऱ्याच्या नावाची जागा कोरी आहे की नाही ते पाहावे. पोराचा शेवटचा हप्ता २०२८ च्या दसऱ्याच्या सुमारास येतो. वहिनींनी ती तारीख बचत गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहे.